वजन कुठं आहे? चेनसॉनं सरपण करणाऱ्यांसाठी

ओंडक्याला चेन लावायच्या आधी दादा एकच प्रश्न विचारायचा, "वजन कुठं आहे?" मी उत्तर दिल्याशिवाय तो मला मशीन सुरू करू द्यायचा नाही. "खाली," असं मी म्हटलं की तो म्हणायचा, "खाली म्हणजे कुठं? आधी दोन्ही टोकं बघून ये." मग मी ओंडक्याभोवती चक्कर मारायची, तो कुठं टेकलाय, कुठं अधांतरी आहे ते बघायची आणि परत येऊन सांगायची. आज बावीस वर्षं झाली. घराला वर्षभर पुरेल एवढं सरपण मी स्वतः कापते, फोडते आणि रचते. दादाचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून तो खुर्ची टाकून बसतो. पण पहिला काप घालायच्या आधी तोच प्रश्न मी अजूनही मोठ्यानं म्हणते.

लाकूड कापायचं काम मशीन करतं. कापलेला तुकडा कुठं पडेल, उरलेला कुठं झुकेल, खाच मिटेल की उघडेल, हे आधी ओळखायचं काम आपलं. हे ज्याला जमलं त्याची चेन अडकत नाही, पायावर ओंडका येत नाही आणि संध्याकाळी पाठही कमी दुखते. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त त्याबद्दलच सांगणार आहे.

पडलेल्या लाकडापासून सुरुवात करा

नवशिक्यानं पहिली दोन-तीन वर्षं उभ्या झाडाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाऱ्यानं पडलेली झाडं, छाटणीच्या जाड फांद्या, दुसऱ्या कुणी पाडून ठेवलेली खोडं एवढ्यावर एका घराचं भागतं. झाड पाडणं ही वेगळी विद्या आहे. ज्या बाजूला झाड पडायला हवं तिथं आधी तोंड, म्हणजे पाचरीच्या आकाराची खाच, कापतात, मग मागून काप घालतात आणि मध्ये न कापलेल्या लाकडाची एक पट्टी मुद्दाम ठेवतात. तिची जाडी खोडाच्या साधारण दहाव्या भागाइतकी असते, आणि दाराला जशी बिजागरी तशी ती झाडाला धरून वळवते. ती पट्टी चुकून कापली गेली की झाड कुणाच्याही हातात राहत नाही. म्हणून हे एखाद्या जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून शिका. तो पाडत असेल तेव्हा बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर थांबायचं. दुसऱ्या झाडात अडकून राहिलेल्या झाडाखाली तर एक पाऊलही टाकायचं नाही. परवानगीचं वेगळं सांगायला नको. मालकाची आणि कायद्याची, दोन्ही आधी घ्या.

अंगावर काय हवं

जाळीचा पडदा आणि कानांवर झापा असलेलं हेल्मेट, पकड न सुटणारे हातमोजे, पुढून पोलादी टोपी असलेले बूट आणि चेनसॉसाठी बनवलेली संरक्षक पँट. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि ८५ च्या पुढचा आवाज तासन्‌तास कानांवर पडला की ऐकू येणं कायमचं कमी होतं. दादानं कानांकडे दुर्लक्ष केलं. आता त्याच्याशी बोलताना समोर उभं राहून बोलावं लागतं.

संरक्षक पँट जाड आहे म्हणून चेन अडते, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. तिच्या आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. चेन कापडाला लागली की ती हे धागे ओढून घेते, ते स्प्रॉकेटभोवती, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती, गुंडाळले जातात आणि चेन क्षणात जाम होते. म्हणूनच एकदा काप बसलेली पँट टाके घालून परत वापरायची नसते. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातलं काही, सगळं घरी ठेवून या. आणि एकट्यानं काम करू नका. हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवंच, आणि रक्त दाबून धरता येईल अशी जाड पट्टी गाडीत नव्हे, खिशात हवी.

पेट्रोल, ऑइल, चेन

आजच्या बहुतेक टू-स्ट्रोक चेनसॉना ५० भाग पेट्रोलला १ भाग टू-स्ट्रोक ऑइल लागतं, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर. काही जुन्या मशीनना २५ ला १, म्हणजे ४० मिलिलिटर लागतं. मशीनच्या पुस्तिकेत जे प्रमाण दिलंय तेच धरा, अंदाजानं ओतू नका. ऑइल कमी पडलं तर पिस्टन खरवडून निघतो, आणि त्या दुरुस्तीपेक्षा कधीकधी नवीन मशीन परवडतं. मिश्रण थोडंच करा. मी कॅनवर खडूनं तारीख लिहिते आणि महिना उलटला की ते मिश्रण मशीनमध्ये घालत नाही.

चेनच्या ऑइलची टाकी वेगळी असते. पेट्रोल भरलं की ते ऑइलही भरायचं, दर वेळी. ज्या लांब पात्याभोवती चेन फिरते तो बार. ऑइल चेनपर्यंत पोचतंय का हे बघायला बारचं टोक एखाद्या फिकट रंगाच्या बुंध्याकडे धरा, त्याला टेकवू नका, आणि रेस करा. बुंध्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर बारची खाच आणि ऑइलचं भोक भुशानं बुजलंय. साफ करा, मगच पुढं जा. पेट्रोल भरल्यावर मशीन जागीच सुरू करू नका, तीन मीटर तरी बाजूला जा.

चेनचा ताण गार असतानाच लावायचा. बारच्या खालच्या बाजूनं चेन बोटांनी ओढा. थोडी निघावी, पण तिचे आतले दात खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि सोडली की चट्‌कन परत बसावी. हातमोजा घालून हातानं फिरवली तर ती सहज फिरली पाहिजे. चालताना चेन तापून लांबते, म्हणून नव्या चेनचा ताण पहिल्या तासात दोन-तीनदा बघावा लागतो. काम संपलं की ती सैल करून ठेवा. तापलेली असताना घट्ट केलेली चेन गार झाल्यावर आक्रसते आणि शाफ्टवर ओढ देते.

सुरू करताना मशीन जमिनीवर, चेनचा ब्रेक लावलेला, डावा हात पुढच्या मुठीवर, उजव्या बुटाचं टोक मागच्या मुठीत आणि उजव्या हातानं दोरी. एका हातात मशीन लोंबकळत धरून दुसऱ्या हातानं दोरी ओढणारे पुष्कळ दिसतात. ते बघून शिकू नका. सुरू झाल्यावर रेस सोडली तर चेन थांबली पाहिजे. तरी फिरत राहिली तर आधी दुरुस्ती, मग काम.

बारचं टोक

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग ही चेनसॉची सगळ्यात घातक जागा. तिथं चेन कशालाही अडली की अडलेला सगळा जोर उलटा फिरतो आणि बार आपल्या तोंडाकडे उसळतो. चेन सेकंदाला २० मीटर आणि त्याहूनही जास्त वेगानं पळत असते. डोळा मिटायच्या आत सगळं घडून जातं. सावरू असं वाटतं, पण सावरायला वेळच नसतो.

मला हे सातव्या वर्षी कळलं. फांद्यांच्या ढिगात एक मनगटाएवढी फांदी कापत होते. कापायच्या फांदीकडे लक्ष होतं, तिच्या मागं दुसरी फांदी आहे हे दिसलं नाही. बारचं टोक तिला लागलं आणि मशीन उसळलं. डाव्या मनगटाचा धक्का पुढच्या मुठीसमोरच्या ब्रेकच्या पट्टीला बसून ब्रेक लागला, चेन थांबली आणि बार हेल्मेटच्या जाळीवर आपटला. जाळीला आत पोचा पडला. मी मशीन बंद करून खाली ठेवलं आणि त्या दिवशी परत उचललं नाही. डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून वळवून धरला होता म्हणून मशीन हातात राहिलं. तेव्हापासून ढिगातली प्रत्येक फांदी आधी ओढून मोकळी करते, मग कापते.

म्हणून अंगठा नेहमी मुठीला वेढलेला हवा, डावा कोपर ताठ हवा, खांद्याच्या वर मशीन कधी उचलू नये, आणि उभं असं राहावं की बार सरळ उसळला तरी डोकं त्याच्या रेषेत नसेल. मी बारच्या जरा डावीकडे उभी राहते.

तुकडे पाडताना

आधी लांबी ठरवा. चूल किंवा शेगडी आत किती खोल आहे ते मोजा आणि त्यातून निदान ५ सेंटिमीटर वजा करा. माझी शेगडी ४० सेंटिमीटर आहे, मी ३३ चे तुकडे पाडते. एक मीटरचे बरोबर तीन होतात. ३३ सेंटिमीटरची एक काठी जवळ ठेवते, ओंडक्यावर ठेवून खडूनं खुणा करत जाते आणि सगळ्या खुणा झाल्या की मगच मशीन उचलते. डोळ्याच्या अंदाजानं कापलेल्या तुकड्यांत चार तरी शेगडीत न मावणारे निघतात.

आता दादाचा प्रश्न. एक हिरवी काडी दोन्ही हातांत धरून वाकवा. बाहेरच्या अंगाची साल ताणली जाते, आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात. ओंडक्यातही हेच असतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. ताणलेल्या बाजूला चेन लागली की खाच उघडते. दबलेल्या बाजूला खोल गेलं की खाच मिटते आणि बार चिमटीत सापडतो. नियम एकच: दबलेल्या बाजूनं आधी थोडं कापा, शेवटचा काप ताणलेल्या बाजूनं.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलाय आणि मध्ये अधांतरी आहे असं समजा. वजन मध्ये खाली ओढतंय, म्हणजे वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली. वरून एक तृतीयांश कापा, मशीन काढा आणि उरलेलं खालून वर कापत आणा. खालून कापताना बारची वरची कड वापरली जाते, आणि तेव्हा मशीन आपल्याकडे ढकललं जातं. पाय घट्ट रोवून मांडीचा आधार द्या. ओंडक्याचं एक टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत असेल तर सगळं उलटं. वजन टोकाला लोंबतंय, म्हणून वरची बाजू ताणलेली. इथं खालून एक तृतीयांश, मग वरून. या प्रकारात घाईनं वरूनच कापत गेलं तर तुकडा अर्धवट कापला असतानाच खाली जातो आणि लाकूड लांबपर्यंत उभं चिरत जातं.

ओंडका सपाट जमिनीवर पूर्ण टेकलेला असेल तर वरून तीन चतुर्थांश कापा, सगळ्या खुणांवर. मग पहारीनं किंवा दांड्यानं ओंडका उलटा लोटा आणि उरलेला काप वरून पुरा करा. चेन मातीला एकदा जरी लागली तरी धार गेलीच समजा. शक्य असेल तिथं मी ओंडका घोडीवर, म्हणजे लाकूड ठेवायच्या उंच आधारावर, चढवते. पाठ सरळ राहते आणि माती लांब राहते. जाड ओंडक्यात निम्मा काप गेला की मागून प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पाचर हलकेच ठोकून ठेवा, म्हणजे खाच मिटत नाही. लोखंडी पाचर इथं नको, चेन तिला लागू शकते.

उतारावर नेहमी वरच्या अंगाला उभं राहा. दोन झाडांच्या मध्ये आडवं वाकून अडकलेलं खोड असेल तर कमानीच्या आतल्या, म्हणजे दबलेल्या बाजूला उभं राहायचं, कारण सुटल्यावर ते बाहेरच्या बाजूला झेपावतं. पडलेल्या झाडाखाली धनुष्यासारखं वाकलेलं रोप दिसलं तर त्याला एका घावात कापू नका. त्या पोटरीएवढ्या रोपात माणसाला लोळवण्याइतका जोर भरलेला असतो. वाकाच्या आतल्या बाजूनं थोडं थोडं तासत जा, ते आपोआप ढिलं पडेल. मुळासकट उपटून पडलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा मोठा गड्डा मातीसकट उलटा खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्याच्या बाजूला कुणीही, विशेषतः मुलं, असता कामा नये. मी असा बुंधा स्वतः कापत नाही, जाणत्यावर सोडते.

एवढं करूनही बार अडकतोच कधीतरी. अडकला की आधी इंजिन बंद. हिसके देऊ नका, बार वाकतो. दांडा घालून ओंडका जरासा उचला किंवा खाच उघडेल अशा जागी पाचर ठोका. तरी सुटला नाही तर नट सोडवून मशीन बाजूला काढा, बार आणि चेन लाकडातच राहू द्या, आणि एका हाताच्या अंतरावर दुसऱ्या मशीननं किंवा साध्या करवतीनं कापून मोकळं करा.

कानस

बोथट चेननं काम करणं हे सगळ्यात मोठं संकट आहे, कारण मग माणूस मशीनवर जोर देतो, आणि जोर दिलेलं मशीन सटकलं की आवरत नाही. धार आहे की गेली हे सांगायला भुसा पुरतो. धारदार चेन जाडसर, चौकोनी ढलप्या फेकते. पिठासारखी पूड पडायला लागली, धूर यायला लागला किंवा मशीन दाबावं लागलं की थांबा.

आजच्या चेनच्या दाताचा आकार एका अळीवरून आला आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्यानं बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड कुरतडताना पाहिली. ती लाकडाच्या रेषेच्या दिशेनं आणि रेषेला आडवी, दोन्हीकडे सारख्याच सहजतेनं जात होती, कारण तिचे जबडे आकड्यासारखे वळलेले होते आणि ते डावीकडून-उजवीकडून आळीपाळीनं चालत. त्यावरून त्यानं पोलादी चेनचे वळलेले दात बनवले. आपल्या चेनवर एक दात डावा, एक उजवा असतो तो त्यामुळेच. धार लावताना मला ही अळी नेहमी आठवते, आणि दाताचा वरचा कोपरा का जपायचा ते कळतं. लाकडात पहिल्यांदा शिरतो तो तोच कोपरा.

गोल कानस लागते, आणि तिची जाडी चेनच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांच्या इंचातल्या मापाप्रमाणे, बदलते. लहान मशीनच्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला बहुधा ४ मिलिमीटर, .३२५ ला ४.८ आणि मोठ्या ३/८ ला ५.५. बार शिकंज्यात किंवा बुंध्यातल्या खाचेत घट्ट बसवा. उन्हाकडे तोंड करून दात बघा. धार असेल तर कड काळी दिसते. बोथट असेल तर कडेवर पांढरी चमकती रेघ दिसते, कारण गोल झालेली कड उजेड परतवते. ती रेघ जाईपर्यंत घासायचं, त्याहून जास्त नाही.

एका दातावर पेननं खूण करा, तिथून सुरुवात. बहुतेक दातांच्या माथ्यावर तिरकी रेघ कोरलेली असते, ती २५ ते ३० अंशांची. कानस त्या रेघेच्या समांतर धरा. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे. आतून बाहेर, एकाच दिशेनं ढकला आणि परत आणताना उचला. मागे-पुढे घासलं की कानस आणि दात दोन्ही बिघडतात. मी एका बाजूचे सगळे दात तीन-तीन घासांत करते, मोठ्यानं मोजत, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला पाच झाले तर चेन लाकडात वाकडी जायला लागते. काप गोलाईत जातोय असं दिसलं तर दोष मशीनचा नाही, दात दोन्हीकडे सारखे नाहीत.

दाताच्या पुढं जो छोटा उंचवटा असतो तो दात किती खोल चावेल हे ठरवतो. दात झिजतात तसा तोही थोडा खाली आणावा लागतो. चार-पाच धारांनंतर मापपट्टी ठेवून बघा; उंचवटा दाताच्या कडेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. सपाट कानशीचे एक-दोन घास पुरतात. जास्त घासला तर दात खोल चावतो, मशीन हिसके मारतं आणि उसळायचा धोका वाढतो. ज्याला पहिल्या वर्षी हे जमत नाही त्यानं उंचवटे माहीतगाराकडून करून घ्यावेत, दात मात्र स्वतः घासायला शिकावं. मी टाकी भरायला थांबते तेव्हाच दोन घास देऊन घेते, आणि दिवसभर ढलप्या जाड पडतात.

फोडणं

बहुतेक लाकडं ओली असतानाच चांगली फुटतात, म्हणून तुकडे पडले की फार दिवस थांबू नका. लागतो तो तीन-साडेतीन किलोचा, पाचरीच्या आकाराचा फोडायचा घण. लाकूड तोडायची पातळ कुऱ्हाड वेगळी. ती फोडायला घेतली तर रुतून बसते.

खाली एक रुंद, गुडघ्याच्याही खाली येईल असा ठोकळा ठेवा. घाव चुकला तर पातं ठोकळ्यात जावं, पायात नाही. पाय खांद्याएवढे फाकवून, सरळ समोर उभं राहा. घण डोक्यावर नेताना एक हात पात्याजवळ ठेवा आणि खाली आणताना तो हात दांड्याच्या टोकाकडे सरकू द्या. घाव बसायच्या क्षणी गुडघे वाकवा, म्हणजे पातं कमानीत न येता सरळ खाली उतरतं. ताकदीपेक्षा नेम महत्त्वाचा. मी शिकताना दादा ठोकळ्यावर खडूची एक रेघ ओढायचा आणि दहापैकी आठ घाव रेघेवर बसेपर्यंत लाकूड ठेवायचा नाही.

लाकडाच्या तोंडाकडे बघा. गाभ्यापासून निघालेल्या बारीक भेगा दिसतात. त्या भेगेच्या रेषेतच घाव घाला, ती वाट लाकडानं आधीच उघडून ठेवलेली असते. जाड तुकडा मधोमध फोडायच्या नादी लागू नका. कडेकडेनं चिरफळ्या काढत आत या, गाभा शेवटी उरतो. गाठीवर घाव घालायचा नाही, गाठीच्या बाजूनं जायचं. बेचक्याचे आणि पीळदार रेषांचे तुकडे मी फोडतच नाही. ते आडवे ठेवून चेनसॉनं रेषेच्या दिशेनं चिरते. तेव्हा दोऱ्यासारख्या लांब, कुरळ्या ढलप्या निघतात आणि स्प्रॉकेटच्या झाकणात गच्च बसतात. मध्ये मध्ये इंजिन बंद करून त्या काढा.

एक जुना टायर ठोकळ्यावर बसवून लाकूड त्यात उभं करा. फुटलेल्या चिरफळ्या टायरमध्येच उभ्या राहतात, उचलायला शंभरदा वाकावं लागत नाही. कंबर दुखणाऱ्यांनी हे आजच करून बघावं.

लोखंडी पाचर घणानंच ठोका, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं नाही. कुऱ्हाडीचं डोकं त्यासाठी बनलेलं नसतं, ते चिरतं. ठोकून ठोकून पाचरीचं डोकं छत्रीसारखं पसरलं की कडा ग्राइंडरवर घासून टाका, नाहीतर त्यांचा कपचा उडून डोळ्यात जातो. फोडताना चश्मा हवाच. हायड्रॉलिक मशीन असेल तर लाकूड ठेवणारा आणि दांडी ओढणारा माणूस एकच हवा. एक जण लाकूड धरतो आणि दुसरा दांडी ओढतो, तिथंच बोटं जातात.

वाळवणं

ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती आपल्याच आगीतून जाते. वर धूर जास्त, धुराड्यात काळा डांबरासारखा थर जास्त, आणि तो थर पेटला की घर धोक्यात. म्हणून ओलं लाकूड जाळायचं नाही. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली आलं पाहिजे. मऊ लाकडाला सहा महिने ते वर्ष, टणक लाकडाला एक ते दोन वर्षं लागतात. साल पाणी धरून ठेवते आणि न फोडलेला ओंडका वर्षानं कापला तरी आतून ओला निघतो, म्हणून फोडल्याशिवाय रचू नका.

दोन दांडे जमिनीवर टाकून त्यांवर थप्पी रचा, म्हणजे खालून १०-१५ सेंटिमीटर हवा खेळते आणि वाळवी लवकर लागत नाही. थप्पीची रुंदी एका लाकडाची ठेवा. टोकांना लाकडं आलटून पालटून आडवी-उभी रचा. ते खांब होतात आणि थप्पी ढासळत नाही. उंची माझ्या छातीच्या खाली ठेवते. इथंही दादाचा प्रश्न लागू पडतो, कारण वाळताना लाकूड आकसतं, ऊन लागलेली बाजू आधी आकसते आणि थप्पी हळूहळू तिकडे झुकते. वजन कुठं झुकतंय ते दर महिन्याला बघा, झुकलेल्या थप्पीजवळ मुलांना खेळू देऊ नका. झाकायचं ते फक्त वरून. सगळीकडून प्लॅस्टिक गुंडाळलं की आतलं पाणी आतच राहतं आणि लाकडाला बुरशी चढते. वारा लागेल अशी जागा उन्हाच्या जागेपेक्षाही महत्त्वाची.

साल वर ठेवावी की खाली यावर लोक वाद घालतात. मी दोन्ही करून पाहिलंय. वर आच्छादन असेल तर मला काही फरक दिसला नाही.

विकत घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: नीट रचलेल्या एक घनमीटर थप्पीत खरं लाकूड ०.६ ते ०.७ घनमीटरच असतं, बाकी हवा. नुसतं ओतलेल्या ढिगात ते आणखी कमी भरतं. म्हणून माप रचलेलं आहे की ओतलेलं, हे आधी विचारा.

रंग दिलेलं, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड आणि प्लायवूड जाळू नका. जुन्या औषध पाजलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकतं. कण्हेरीची काडीसुद्धा सरपणात येऊ देऊ नका; तिचा धूरही विषारी असतो.

लाकूड वाळलं का हे बघायला ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ते थप्पीतल्या लाकडाच्या बाहेरच्या अंगाला लावून उपयोग नाही. एक लाकूड नव्यानं फोडा आणि आतल्या ताज्या अंगावर मोजा. यंत्र नसेल तर दोन लाकडं एकमेकांवर आपटा: वाळलेली खणखणतात, ओली धप्प वाजतात. मी शेवटी नव्यानं फोडलेलं अंग गालाला लावून बघते. गार लागलं तर अजून पाणी आहे. ते लाकूड परत थप्पीत जातं.

प्रत्येक थप्पीवर महिना आणि वर्ष लिहून ठेवा. खडू पावसात धुऊन जातो, म्हणून मी पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं कोरून टोकाच्या लाकडाला टांगते. घरात आधी न्यायची ती सगळ्यात जुन्या पत्र्याची थप्पी, आणि शेगडीजवळ रचायची तर शेगडीपासून निदान एक मीटर लांब.